गुन्हेगार जन्मतो की घडतो? – अंगुलिमालापासून आमच्या वस्तीपर्यंत



वर्षावासात आपल्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेचा भाग वाचून झाला आणि रिवाजाप्रमाणे आम्ही दोन शब्द बोलायला उभे राहिलो. तथागतांची करुणा किती थोर, एवढा मोठा दरोडेखोर पण कसा बदलला, हे सांगितले. पुढे तो भिक्खू होऊन भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, ही पाली सुत्तातली हकीकतही सांगितली. बोलणे संपले तशा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "भाऊ, तो सुधारला ते बरं झालं. पण दगड मारणारी माणसं कोण होती?"

आम्ही म्हणालो, "श्रावस्तीतले लोक, आजी."

"म्हणजे आपल्यासारखेच ना?"

सभागृहात हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण त्याच वर्षी आम्ही एका पोराला विहाराच्या दारातून परत पाठवले होते. ती हकीकत शेवटी सांगूच. पण आजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. माणूस गुन्हा का करतो? तो जन्मतःच तसा असतो का? आणि एकदा गुन्हेगार ठरला की कायमचाच गुन्हेगार का? आम्ही काही कॉलेज शिकलेलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले, चार जाणत्यांना विचारून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवत आहोत.

अंगुलिमालाच्या कपाळी काय लिहिले होते?

अंगुलिमालाची गोष्ट मज्झिम निकायात आहे. कोसल देशात, राजा प्रसेनजिताच्या राज्यात तो माणसे मारी आणि त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घाली. पण तो असा का झाला, हे मूळ सुत्तात नाही, पुढच्या अट्ठकथेत आहे. अट्ठकथा म्हणजे नंतरच्या आचार्यांनी लिहिलेले स्पष्टीकरण. त्यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू, पण माणसाच्या मनाचा जो भाग आहे तो पाहण्यासारखा आहे.

राजपुरोहिताच्या घरी हा मुलगा जन्मला. ज्योतिषाने सांगितले, हा चोराच्या नक्षत्रावर जन्मला आहे, मोठेपणी दरोडेखोर होणार. बापाने राजाला हे सांगितले. राजाने मुलाला मारू दिले नाही, वाढवू दिले. मुलाचे नाव ठेवले अहिंसक. तो तक्षशिलेला शिकायला गेला. हुशार निघाला, गुरूचा आवडता झाला. बरोबरच्या विद्यार्थ्यांच्या पोटात दुखू लागले. त्यांनी गुरूचे कान भरले. गुरूने त्याचा काटा काढण्यासाठी गुरुदक्षिणा मागितली ती हजार बोटांची. शिष्य म्हणाला, आमच्या घराण्यात हिंसा नाही. गुरू म्हणाला, दक्षिणा दिल्याशिवाय विद्येला फळ नाही. शेवटी अहिंसक जंगलात गेला आणि अंगुलिमाल झाला.

आता बघा, या गोष्टीत नक्षत्राने काय केले? काहीच नाही. केले ते माणसांनी. कुणी मत्सर केला, कुणी कान भरले, कुणी हुकूम सोडला, आणि ज्याला हुकूम झाला त्याने स्वतःच्या मनाचे न ऐकता गुरूचे ऐकले. म्हणजे गुन्ह्याची मुळे आकाशातल्या ग्रहात नाहीत, माणसाच्या मनात आणि माणसामाणसांतल्या व्यवहारात आहेत. तथागतांनी लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशल कर्माची तीन मुळे सांगितली. तिन्ही मनातलीच आहेत, रक्तातले एकही नाही.

कवटी मोजणारे शास्त्र

बुद्धानंतर चोवीसशे वर्षांनी युरोपात हाच नक्षत्राचा प्रकार शास्त्राचा कोट घालून पुन्हा उभा राहिला. इटलीत चेझारे लोंब्रोझो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांची डोकी, जबडे, कान मोजले आणि १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितले की गुन्हेगार हा जन्मजात असतो, तो माणसाच्या मागच्या रानटी अवस्थेचा नमुना आहे आणि तो चेहऱ्यावरून ओळखू येतो. या मताचा जगभर बोलबाला झाला.

मग इंग्लंडमध्ये तुरुंगाचेच डॉक्टर असलेल्या चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि गुन्हा न केलेल्या लोकांशी ताडून पाहिली. १९१३ साली त्यांचा ग्रंथ आला. गुन्हेगाराचा वेगळा चेहरा, वेगळी कवटी असा काही प्रकार नाही, हे त्यात सिद्ध झाले. म्हणजे सदतीस वर्षांत ते शास्त्र कोसळले. पण तोवर व्हायचे ते नुकसान झालेच होते, आणि आपल्या देशात तर लोंब्रोझोच्याही आधी झाले होते. कारण आपल्याकडे कवटी मोजायची गरजच नव्हती. जात विचारली की काम भागत होते.

जातच्या जात गुन्हेगार

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर मग चोराचा मुलगा चोरच होणार. सरकार इंग्रजांचे, पण तर्क मनुस्मृतीचा! चातुर्वर्ण्याने जन्मावर धंदा ठरवला, इंग्रजाने त्याच जन्मावर गुन्हा ठरवला.

हा कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांतही आला. आपल्या भागातले पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा कितीतरी जमातींवर शिक्का बसला. जमातीतल्या माणसाने नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. परवाना नसला की शिक्षा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या, त्यांना लोक 'सेटलमेंट' म्हणत. तिथली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत राबायला जात आणि सुटल्यावर परत तारेच्या आत. आम्ही गिरणीत भोंग्यावर आत-बाहेर केले आहे, पण भोंगा वाजल्यावर घरी जायचा हक्क आम्हाला होता. त्यांना तोही नव्हता.

आपण आपल्या मनाला विचारू या. ज्या मुलाला चालता येऊ लागल्यापासून पोलीस, शिक्षक, दुकानदार, सगळेच चोर म्हणून बघतात, त्याच्या मनात स्वतःविषयी काय तयार होईल? लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते ज्यांनी वाचले त्यांना हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेत फ्रँक टॅननबॉम यांनी १९३८ साली आणि हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली हीच गोष्ट तिकडच्या पोरांबद्दल मांडली. पोराच्या हातून एक चूक होते, समाज त्याला नाव ठेवतो, ते नाव तो ऐकत राहतो आणि शेवटी तेच नाव स्वतःचे म्हणून स्वीकारतो. भल्या लोकांत जागा उरली नाही की त्याला फक्त बुऱ्या लोकांतच जागा मिळते.

पूज्य बाबासाहेब १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांची स्थिती पाहण्यासाठी ती नेमली होती. म्हणजे समाजाने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांची दुःखे त्यांनी फिरून पाहिली होती. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करावा असे सांगितले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. पण कायद्यातून शिक्का गेला तरी मनातून गेला नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला आणि पोलिसांची नजर पुन्हा त्याच पालांवर राहिली. अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगात जात पाहून काम वाटू नका, झाडलोट खालच्या जातीला आणि स्वयंपाक वरच्या जातीला हे चालणार नाही, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवरही न्यायालयाने बोट ठेवले. सुकन्या शांता या महिला पत्रकाराच्या अर्जावर हा निकाल झाला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर!

हुकूम आणि सबब

मग जन्म नाही, जात नाही, तर गुन्हा करणाऱ्याच्या मनात घडते तरी काय? येथे दोन अभ्यास आम्हाला फार उपयोगी वाटले.

पहिला १९६१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी केला. साधी नोकरी-धंदा करणारी माणसे बोलावली. समोरच्या माणसाने उत्तर चुकवले की विजेचा झटका द्यायचा, आणि दर वेळी झटका वाढवायचा. खरे तर झटका बसतच नव्हता, पलीकडचा माणूस नाटक करत होता, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. पलीकडून भिंतीवर आपटल्याचा आवाज येई, आणि शेजारी डगला घातलेला एक साहेब शांतपणे सांगे, चालू ठेवा. पहिल्या गाजलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टचा शेवटचा खटका दाबला. पुष्कळांना घाम फुटला होता, हात कापत होते, पण दाबला. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी त्यातला धडा कुणाला पुसता आला नाही. साधा माणूस वरच्याचा हुकूम म्हणून क्रूर कर्म करू शकतो. आता तक्षशिलेचा गुरू आणि त्याचा अहिंसक नावाचा शिष्य आठवा!

दुसरा अभ्यास १९५७ चा, साइक्स आणि माट्झा या दोघांचा. त्यांनी सांगितले की गुन्हा करणाऱ्या पोरांना चांगले-वाईट कळत नाही असे नाही. कळते. पण ती स्वतःच्या मनाला सबबी सांगून गप्प बसवतात. त्या सबबी पाच. आमच्या चाळीच्या भाषेत सांगायचे तर, 'माझा इलाज नव्हता'; 'त्याचं असं काय वाकडं झालं?', 'तो त्याच लायकीचा होता', 'तुम्ही तरी कुठले साव?', आणि 'आपल्या माणसांसाठी केलं'. कुठल्याही नाक्यावर उभे राहा, पाचही ऐकायला मिळतील.

पण या सबबी फक्त नाक्यावरच्या पोरांच्या नाहीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. मारणारे कोणी कुंपणातल्या वसाहतीत वाढलेले नव्हते, गावातलीच शेतीवाडी करणारी माणसे होती. त्यांची कवटी कोणी मोजली नाही, त्यांच्या जातीला कोणी गुन्हेगार जमात म्हटले नाही. 'ते त्याच लायकीचे' ही सबब जातिव्यवस्थेने हजारो वर्षे शिकवून ठेवलेली आहे, ती नव्याने शिकावी लागत नाही. 'आपल्या माणसांसाठी' ही सबब गाव पुरवतो. घोळक्यात शिरल्यावर जबाबदारी कोणाचीच राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की जात ही नुसती सामाजिक गोष्ट नाही, ती मनाची अवस्था आहे. बाबासाहेबांनी हे कधीच सांगून ठेवले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. गुन्ह्याचे कारण समजून घेणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे. ज्याच्या घरात माणूस गेले, त्याला कारणे सांगून समाधान होत नाही. अत्याचार करणाऱ्याला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे, त्यासाठी आम्ही मोर्चे काढले आहेत आणि पुढेही काढू. पण उद्याचा गुन्हा थांबवायचा असेल तर आजच्या मनात काय शिजते आहे ते पाहावेच लागेल.

पोट आणि मान

काही मंडळी म्हणतील, एवढे मनाचे कशाला सांगता, गरिबीमुळे गुन्हे होतात. त्यात खोटे काही नाही, आणि हे सर्वांआधी सांगितले कोणी? दीघ निकायातल्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तात तथागतांनी पायरी-पायरीने सांगितले आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने पहिल्या चोराला पैसे दिले, तेव्हा लोकांना वाटले चोरी केली की पैसे मिळतात. मग राजाने मुंडके उडवायला सुरुवात केली, तेव्हा चोरांनीही शस्त्रे घेतली. चोरीतून खून आला, खुनातून खोटे आले. कूटदंत सुत्तातही असेच आहे. राज्यात लूटमार वाढली तेव्हा पुरोहिताने राजाला सांगितले की मारून-बांधून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या. माणसे कामाला लागली की लूट थांबेल. आजच्या भाषेत याला रोजगार हमी म्हणावे लागेल!

पण नुसत्या गरिबीनेही हिशेब पुरा होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि हजारो पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या घराघरात भांडी विकली, मंगळसूत्रे गहाण पडली. त्या काळात आमच्या वयाची कितीतरी पोरं टोळ्यांकडे ओढली गेली, हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. पण त्याहून कितीतरी जास्त पोरं गेली नाहीत! कोणी पेपर टाकले, कोणी भाजी विकली, कोणी रात्रशाळेत बसले. उपाशी दोघेही होते. मग फरक कशात पडला?

आम्ही जवळून पाहिले ते असे. काल ज्याच्या पगाराच्या दिवसाची घर वाट पाहायचे, तो बाप आज खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. वाण्याच्या दारात उधारीसाठी आईचा अपमान झालेला पोराने पाहिलेला. अशा वेळी नाक्यावरचा कोणी 'भाई' खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "काय रे, जेवलास का?" त्या एका वाक्याने पोर विकले जाते. ते पैशाला विकले गेले असे लोक म्हणतात, आम्ही म्हणतो मानाला विकले गेले. आणि जी पोरं वाचली, त्यांच्या खांद्यावरही कोणाचा तरी हात होताच. कोणाला रात्रशाळेचे मास्तर भेटले, कोणाला व्यायामशाळेतला वस्ताद, कोणाला विहारातले बौद्धाचार्य. बौद्ध वाङ्मयात याला कल्याणमित्र म्हणतात. अमेरिकेतले एडविन सदरलँड यांचा सिद्धांतही हाच आहे की गुन्हा शिकावा लागतो, आणि तो जवळच्या माणसांकडूनच शिकला जातो. मग सदाचारही जवळच्या माणसांकडूनच शिकला जाईल की नाही?

भिंतीआड बदललेली मने

आता प्रश्न उरतो तो बिघडलेले मन परत वळते का, हा. इतिहास सांगतो, वळते. सम्राट अशोकाने स्तंभलेखांत नोंदवून ठेवले आहे की मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, आणि राज्याभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा कैदी मुक्त केले. धम्ममहामात्रांना त्याने कैद्यांची विचारपूस करायला सांगितले, पोराबाळांचा भार असलेल्या कैद्यांकडे लक्ष द्यायला सांगितले. बावीसशे वर्षांपूर्वीचा राजा कैद्याच्या मागे उरलेल्या घराचा विचार करतो!

आपल्या महाराष्ट्रात आटपाडीजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत झाली. मॉरिस फ्रीडमन या परदेशातून आलेल्या गृहस्थांची ती कल्पना आणि संस्थानच्या राजांचा पाठिंबा. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करायला ठेवले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट त्यावरूनच सुचला.

बुद्धाची विपश्यना तर थेट तुरुंगात गेली. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गोएंका गुरुजींनी शिबिर घेतले. पुढे दिल्लीच्या तिहार तुरुंगात किरण बेदी प्रमुख असताना १९९३ साली शिबिर झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये हजाराच्या वर कैदी एकाच वेळी बसले. तिथे कायमचे केंद्रही झाले. विपश्यना म्हणजे काही जादू नव्हे. राग येतो तेव्हा अंगात काय होते ते बघायचे, आणि राग व हात यांच्यामध्ये क्षणभर जागा करायची. तेवढी जागा मिळाली तर कितीतरी चाकू उघडलेच जाणार नाहीत.

पण माणूस बाहेर आल्यावर काय? अमेरिकेत बोस्टनच्या ५०० गुन्हेगार ठरलेल्या पोरांचा ग्लूक दांपत्याने अभ्यास केला होता. पुढे सॅम्पसन आणि लाउब या दोघांनी त्या जुन्या कागदांवरून, आणि नंतर त्यांतल्या काहींना म्हातारपणी प्रत्यक्ष भेटून पाहिले. एकाच सुधारगृहातून सुटलेल्यांपैकी कोण सुधारला? ज्याला टिकाऊ काम मिळाले, ज्याचा संसार नीट झाला, ज्याला कोणीतरी आपला म्हटले, तो. इतके साधे उत्तर आहे, पण करायला अवघड. कारण ते उत्तर कैद्याने द्यायचे नसून शेजाऱ्याने द्यायचे आहे.

आमच्या हातातला दगड

आता राहिलेली हकीकत. आमच्याच चाळीतला एक मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला होता. शिक्षा भोगून सुटला. बुद्धजयंतीच्या आठ दिवस आधी तो विहारात आला आणि म्हणाला, "काका, मंडपाचं काय काम असलं तर सांगा. खीर वाटायला उभा राहतो." कार्यकारिणीत चर्चा झाली. कोणी म्हणाले, लोक काय म्हणतील. कोणी म्हणाले, बायाबापड्या घाबरतील. त्याच्याशी बोलण्याचे काम आमच्यावर आले. आम्ही गोड शब्दांत सांगितले, "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू." तो एवढेच म्हणाला, "म्हणजे अजून आतच आहे म्हणा की मी." आणि गेला.

पुढच्या वर्षी बघायची वेळ आलीच नाही. तो जुन्या संगतीत परतला आणि दुसऱ्या केसमध्ये आत गेला. आम्ही त्याला परत पाठवले म्हणूनच हे झाले, असे म्हणणार नाही. त्याच्या हातून जे झाले त्याला तो जबाबदार आहेच. पण ज्या दारात त्याच्या खांद्यावर हात पडायला हवा होता, त्या दारातून आम्ही त्याला परत पाठवले, हेही खरे. वर सांगितलेल्या पाच सबबींपैकी पहिली, 'माझा इलाज नव्हता, कार्यकारिणीने ठरवले', ती आम्ही स्वतः वापरली. आजींनी दगड मारणाऱ्यांविषयी विचारले तेव्हा आम्हाला हसू का आले नाही, ते आता आपल्या ध्यानात आले असेल.

त्यानंतर आम्ही त्याला भेटायला तुरुंगाच्या दारावर गेलो, दोन-तीनदा. तिथली मुलाखतीची रांग पाहिली. सरकारी आकड्याप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. रांगेतल्या आया-बहिणींचे चेहरे ओळखीचे वाटले. आपल्याच वस्त्यांतले. तो मुलगा आता जामिनावर सुटला आहे, टेम्पोवर कामाला जातो. रस्त्यात दिसला की जयभीम करतो, थांबत नाही. विहारात अजून आलेला नाही. आम्ही वाट पाहतो आहोत.

या वर्धापनदिनी आमची विनंती एवढीच आहे. आपल्या वस्तीतले कोणी सुटून आले तर पहिल्या आठवड्यात विहारातर्फे दोन माणसांनी त्याच्या घरी जावे, नुसता चहा प्यावा. कामाची ओळख असेल तर शब्द टाकावा. विहाराची खोली रात्री अभ्यासाला उघडी ठेवावी, आणि तिथे एक मोठा माणूस बसावा. घरात मूल चुकले तर चुकले म्हणावे, 'चोर' म्हणू नये, कारण मूल ते ऐकत असते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या पाठीशीही हेच विहार उभे राहावे.

अंगुलिमाल रक्तबंबाळ होऊन, फुटके भिक्षापात्र घेऊन तथागतांकडे परत आला. तथागतांनी त्याला सहन करायला सांगितले, आणि तो सहन करून राहिला. पण त्याला परत यायला एक जागा होती. अशी जागा म्हणजेच विहार. आपल्या विहाराला इतकी वर्षे झाली याचा आनंद आहेच. आता परत येणाऱ्यासाठी त्याचे दार उघडे ठेवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!